केरबा मिस्त्रींची गिटार

"उचल की. बघतीयास काय नुसती? तुझीच हाय."

कामाच्या बाकावर लाल फडकं अंथरून मामांनी गिटार ठेवली होती. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा मिस्त्री. त्यांच्या हातचं कपाट ज्यांच्या घरी असे ते लोक पाहुण्यांना आधी कपाट दाखवत आणि मग चहाचं विचारत. असल्या माणसानं सुनेला गिटार करून दिली म्हटल्यावर कोल्हापुरातली आमची निम्मी गल्ली दुकानाच्या दारात गोळा झाली होती. पॉलिश इतकं झकास होतं की त्यात मला माझं तोंड दिसत होतं.

मी दोन्ही हात खाली घालून गिटार उचलली आणि लगेच खाली ठेवली. मग सगळे बघतायत म्हणून परत उचलली. स्वयंपाकघरातला पाटा उचलावा तशी ती गिटार होती.

"शिसव हाय, शिसव!" मामा म्हणाले, पण माझ्याकडे नाही, गर्दीकडे बघून. "राजवाड्यातल्या खुर्च्या ज्येच्या असत्यात त्ये लाकूड. हलकं लाकूड केरबाच्या दुकानात शिरत न्हाई."

"सासरा असावा तर असा," समोरच्या आनसाबाई म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्यानं मला उभ्या जन्मात एक पोळपाट करून दिला न्हाई."

मी मामांच्या पाया पडले. दुसरं काय करणार होते? दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. ही गाय खांद्यावर घेऊन उभं राहायचं होतं, एवढाच काय तो फरक.

हे अठ्ठ्याऐंशी सालचं. मी तेव्हा 'चांदणी' लेडीज ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. माझे वडील लाऊडस्पीकरवाले; वायरी, माईक आणि गाणी यांच्यातच मी वाढले. लग्नाच्या बैठकीत वडिलांनी एकच अट घातली होती. पोरगी वाजवणार, मानपानाचं काय ते मागनं बोला. मामांचा मुलगा तिशीला आला होता आणि त्यांना हे लग्न हवं होतं. त्यांनी भावकीतल्या चार मिस्त्र्यांच्या देखत सुपारी हातात घेतली आणि म्हणाले, "वाजवू दे की. आमचं काय जातंय?" लग्नानंतर लोक दुकानात येऊन "केरबा, तुझ्या सुनंला काल स्टेजवर बघितली" असं म्हणू लागले, तेव्हा काय जातंय ते त्यांना कळलं. पण चारचौघांत दिलेला शब्द आता गिळता येत नव्हता. जेवायला बसले की ते मान वर न करता विचारत, "आज कुठं तमाशा?" आणि मी म्हणे, "आज इचलकरंजीला." सासरा-सुनेचं बोलणं ते एवढंच.

श्रावणात माझी जुनी गिटार टेम्पोतून पडली. विजेची गिटार पोकळ नसते. भरीव लाकडाचं अंग, त्यावर तारा आणि तारांखाली लोहचुंबक, त्यातून वायर स्पीकरला जाते. पडून ते अंग मधोमध चिरलं. वरची लांब दांडी, जिच्यावर बोटं फिरतात, ती तेवढी वाचली. तसली गिटार तेव्हा मुंबईशिवाय मिळत नसे. मी ते तुकडे पुढ्यात घेऊन बसलेली बघून मामा म्हणाले, "आण हिकडं. नवीन अंग करून देतो. दांडी तीच बसवू." मला वाटलं, म्हातारा विरघळला. माझ्यासारखी बावळट मीच.

पहिल्याच कार्यक्रमाला मध्यंतरापर्यंत माझा डावा खांदा बधिर झाला. घरी आल्यावर गिटारीच्या पट्ट्याचा काळानिळा वळ उठला होता. सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, तेल चोळून दिलं. चोळता चोळता म्हणाल्या, "ह्ये लाकूड तुझ्यापरास जड हाय गं. सोडून दे की."

"हे म्हणायला मामांनी सांगितलं का?"

आत्तींनी हात पुसला आणि उठून गेल्या.

त्यानंतर मामा रोज विचारू लागले. "खांदा दुखत न्हाई न्हवं?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आनसाबाई म्हणायच्या, किती काळजी! मी दात आवळून म्हणे, "अजिबात नाही मामा." जाड वाकळेचा तुकडा दुमडून मी पट्ट्याखाली शिवला आणि उभी राहिले. मी लाऊडस्पीकरवाल्याची पोरगी. जड उचलायची सवय होती.

आणि मग एक गंमत झाली, जी मामांच्या हिशोबात नव्हती. गणपतीतल्या एका कार्यक्रमात गाण्याच्या मधल्या तुकड्यात मी एक सूर लावला आणि तो गेलाच नाही. जुन्या हलक्या गिटारीवर सूर लागायचा आणि पळायचा. इथं तो उभाच राहिला, घुमत, जणू त्याला घरी जायची घाई नव्हती. माझ्या बरगड्यांना ते लाकूड थरथरलेलं कळत होतं. कार्यक्रम संपल्यावर आमच्या मालकीण पुष्पाताई दाभाडे, ज्या कौतुक करताना पदरचं काही जातंय असं तोंड करत, त्या म्हणाल्या, "माले, तुझा आवाज आता थांबतोय गं. काय केलंस?"

"सासऱ्यांनी शिसवाची करून दिली."

"मग आणखी एक करायला सांग!" आणि त्यांनी त्या गणपतीत चार ठिकाणी माझे एकटीचे तुकडे वाढवले.

घरी हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांचं नाव संपत, नोकरी वायरमनची, आणि जगातली प्रत्येक गोष्ट वायरीतून येते असा त्यांचा ठाम समज.

"लाकडाचा काय संबंध?" हे म्हणाले. "आवाज वायरीतनं येतोय. लाकूड नुसतं तारा धरून बसतंय. पत्र्याची केलीस तरी तसाच येईल."

"तुम्ही वाजवून बघा."

"मी कशाला वाजवू? मला कळतंय की वायरीतलं."

"आणि मला कळतंय बरगडीतलं," मी म्हणाले. मामा ओसरीवर बसून हे ऐकत होते. सुनेचा आवाज शिसवानं वाढला, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपणच लावलेल्या सापळ्यातला लाडू उंदरानं अलगद खाऊन जावा तसा तो झाला होता, पण सापळा हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता.

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. आमचे कार्यक्रम बंद. एक दिवस मामा गिटार हातात घेऊन, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकत म्हणाले, "अंग सोन्याचं आन मान पितळंची. ही दांडी नकली हाय. वाकू नये म्हणून आत लोखंडाची सळी घातलीया, बघ. चांगल्या लाकडाला सळी लागत न्हाई. मी नवी करतो."

"आत्ता? पितरात?" पितृपंधरवड्यात मामा नवीन कामाला हात लावत नसत. गिऱ्हाईक रडकुंडीला आलं तरी नाही.

"सुनंच्या कामाला कसला मुहूर्त?"

आणि आठवड्यात दांडी तयार. सागवानाची. जुन्या दांडीवरच्या पितळी पट्ट्या, ज्यांच्यावर तार दाबली की सूर बदलतो, त्या काढून त्यांनी नवीवर बसवल्या, वर तेच आरशासारखं पॉलिश. हात असा फिरत होता की मी खुशीत त्यांच्यासाठी कटाच्या आमटीचा बेत केला. खाट मागितली तर लोकांना वर्षभर थांबवणारा हा माणूस. "लाकडानं तीन पावसाळं खाल्लं पायजेत, मग त्येला रंधा लावायचा," हे त्यांचं पालुपद. त्यांनी आठवड्यात माझं काम कसं केलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पोटभर जेवून मामा म्हणाले, "आमटी झ्याक झालीया."

नवरात्रात पाचव्या माळेला गडहिंग्लजला कार्यक्रम होता. मैदान गच्च. दुसऱ्याच गाण्यात माझी गिटार बेसूर झाली. मी खुंट्या पिळून सुरात आणली, तिसऱ्यात पुन्हा गेली. तारा पट्ट्यांपासून उचलल्या होत्या. बोटांनी दाबून दाबून रक्त यायची वेळ, आणि दाबल्यावर भलताच सूर. गाणारी पोरगी माझ्याकडे बघून गाता गाता रडायला लागली. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ वैनी, घरला जाऊन भाकऱ्या थापा!" सगळं मैदान हसलं. पुष्पाताईंनी बाजूला येऊन माझी वायरच उपटली. उरलेला कार्यक्रम मी मुकी गिटार गळ्यात घालून उभी होते.

"कोजागिरीला सांगलीचा कार्यक्रम आहे," टेम्पोत पुष्पाताई म्हणाल्या. "वर्षातला सगळ्यात मोठा. त्याला तू सुरात नसलीस तर मी दुसरी पोरगी बघितलीय. परत यायचं नाही मग."

दुसऱ्या दिवशी मी गिटार मामांपुढं ठेवली. "दांडी वाकलीय मामा."

"केरबाची दांडी वाकत न्हाई."

"तारा बघा किती उचलल्यात."

"तुझा हात बिघडला असंल." त्यांनी दांडीकडे बघितलंसुद्धा नाही. "वाद्य हाय त्ये, रुसतंय. आता बास कर म्हणत असंल."

"जुनी दांडी द्या मला. ती लावते."

"बंबात गेली," मामा म्हणाले. "तुझ्याच आंघुळीच्या पाण्याला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या बोर्डात काहीतरी शोधत होते. आत्ती स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासत होत्या. आनसाबाईंना संध्याकाळपर्यंत कळलं आणि त्या येऊन समजावून गेल्या: मिस्त्रींच्या हातचं लाकूड कसं वाकेल, तुझंच काहीतरी चुकत असेल, आणि तसंही आता दोन वर्षं झाली लग्नाला. साऱ्या गल्लीला मामांची कपाटं माहीत होती. माझी बोटं कोणाला माहीत होती?

तेव्हा मी खोलीचं दार लावलं आणि गिटार उघडली. तारा काढल्या, दांडीचे चार स्क्रू काढले. स्क्रू हातात आले आणि मी बघतच राहिले. नवे कोरे स्क्रू गंजले होते. दांडीच्या ज्या टोकाला पॉलिश नव्हतं, ते मी नाकाशी धरलं. ओला, आंबट, कालपरवा तोडलेल्या फांदीचा वास. ते टोक गालाला लावलं. मामा प्रत्येक फळी घेताना आधी गालाला लावत; ओलं लाकूड गार लागतं, हे त्यांनीच लग्नानंतर मला कौतुकानं शिकवलं होतं. दांडी गार होती. पॉलिशखाली ती वाळत चालली होती आणि वाळता वाळता वाकत होती.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर केरबा मिस्त्रींना ओलं लाकूड ओळखता आलं नाही. किंवा आलं. मी दांडी साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मला खूप राग आला होता, पण डोकं थंड होतं. तसं ते आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

खंडेनवमीला आमच्या दुकानात मोठी पूजा असे. रंधे, करवती, पटाश्या धुऊन पुसून पांढऱ्या चादरीवर मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही. भावकीतले मिस्त्री प्रसादाला येत. लग्नाच्या बैठकीला बसलेले चौघेही आले होते. त्यांत सगळ्यात वडील दौलू मिस्त्री. मामांची आणि त्यांची चाळीस वर्षांची चुरस होती.

प्रसाद वाटून झाला आणि मी दांडी आणून चादरीवर, मामांच्या रंध्याशेजारी ठेवली.

"ह्ये काय?" मामा म्हणाले.

"तुमच्या हातचं काम आहे मामा. पूजेत असू दे म्हटलं."

दौलू मिस्त्रींचा हात आपोआप दांडीकडे गेला. त्यांनी एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकली, मग टोक गालाला लावलं, आणि सावकाश हसले. "केरबा, वाकलीया की रं ही. आन वलं हाय की लाकूड!"

दाराशी उभे असलेले हे एक पाऊल मागं सरकले.

मामांना त्या क्षणी सुटायला वाट होती. "नजरचूक झाली" म्हणाले असते तर लोक हसले असते, दोन दिवसांत विसरले असते, आणि कोजागिरीला मी घरी बसून दूध आटवत राहिले असते. ती वाट मीच पुढं केली, आणि तिच्यात काटे पेरून केली.

"मामांचा काय दोष?" मी अगदी गरीब आवाजात म्हणाले. "वय झालंय. आता कळत नसेल पहिल्यासारखं. सगळ्यांनी सांभाळून घ्यायला पाहिजे त्यांना."

"कुणाला कळत न्हाई?" मामा उठून उभे राहिले. त्यांच्या मांडीवरचा प्रसाद सांडला.

"असू दे मामा. होतं."

"गप बस! केरबाला लाकूड कळत न्हाई? गालाला लावल्या लावल्या कळलं हुतं मला! वलं हुतं म्हणून तर घेतलं! शिसवानं तुझा खांदा मोडंना, म्हटलं हिची बोटं तरी मोडू देत. लोकांच्या पोरांम्होरं गळ्यात पट्टा घालून हुबी ऱ्हातीयास, लाज हाय का? सुपारी घेतली हुती म्हणून त्वांड शिवलं हुतं माझं. हात न्हवतं शिवलं!"

म्हणजे नुसती दांडी नाही, शिसवसुद्धा. ते आरशासारखं पॉलिश, ती गर्दी, रोजची चौकशी. एवढं कसब त्यांनी माझ्यावरच्या वैरासाठी खर्च केलं होतं. मी लोकांकडे बघितलं. मला वाटलं, आता चौघे म्हणतील, केरबा, शब्द मोडलास.

दौलू मिस्त्रींनी दांडी अलगद चादरीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती.

"केरबा," ते म्हणाले, "चुकलं तर चुकलं म्हणावं रं. हात समद्यांचंच थकत्यात. पोरीवर कशाला ढकलतूस? कुठला मिस्त्री मुद्दाम आपल्या नावाचं काम वाकडं करंल?"

"मी केलंय!" मामा ओरडले. "मुद्दाम केलंय!"

"बरं बरं. केलं असशील. बस खाली, पाणी पी."

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. एक जण हळूच हसला. ते चौघे टोप्या सारख्या करत निघून गेले, आणि जाताना दौलू मिस्त्रींनी मामांच्या पाठीवर थोपटलं. म्हातारा खरं बोलत होता, आणि त्या सगळ्या दुकानात त्याच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते.

दसऱ्याच्या सकाळी सोनं वाटायच्याही आधी मामा दुकानात गेले. त्यांनी माळ्यावरून एक फळी खाली काढली. सागवानाचीच, पण जुनी, वाळून तपकिरी पडलेली. दार आतून लावून घेतलं. जेवण आत्तींनी खिडकीतून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, घरातून नाही, गल्लीतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

दांडी शिसवाच्या अंगाला बसवलेली होती. आत सळी नव्हती. मी तारा चढवल्या, सुरात आणल्या, एक सूर लावला. छोट्या स्पीकरमधूनसुद्धा तो उभा राहिला आणि घुमत राहिला. तारा पट्ट्यांच्या अगदी जवळून, हात पाण्यातून फिरावा तसा. आजवर हजारो वेळा त्या दांडीवर बोटं फिरली, पण त्या दिवशीसारखा शहारा पुन्हा आला नाही. मामा गाणं ऐकत नव्हते. एक डोळा मिटून ते दांडीकडे बघत होते.

"दौलूला दाव जा," ते म्हणाले. "सांगलीला दाव. जगाला दाव. कळू दे कुणाला लाकूड कळतंय त्ये."

"दाखवते," मी म्हणाले. आभार मानायचे की नाही ते मला कळेना. मानले नाहीत.

"मोठी मेहरबानी समजू नगंस. पाळण्याची फळी हुती ती. संपत जन्मायच्या आधी आणून ठिवली हुती. त्यो आला तवर वाळली न्हवती, म्हटलं नातवाला करू." त्यांनी हात झटकले, भुसा माझ्या पायावर उडाला. "माझ्या घरात आता पाळणा न्हाई. वाजव."

सांगलीचा कार्यक्रम झाला. पुष्पाताईंनी दुसऱ्या पोरीला परत पाठवलं. दौलू मिस्त्री स्वतः येऊन दांडी बघून गेले आणि आठ दिवस गल्लीत कोणाशी बोलले नाहीत. त्या गिटारीवर मी आणखी बावीस वर्षं वाजवलं. डावा खांदा कायमचा खाली गेलाय. शिंपीण ब्लाऊज शिवताना अजून विचारते. दांडी मात्र केसभर वाकलेली नाही.

मामांनी मला माफ केलं नाही आणि मीही त्यांना केलं नाही. मला पुढं दोन मुलं झाली. दोन्ही वेळेला हे बाजारातून लोखंडी पाळणा घेऊन आले. मामा त्या पाळण्याशेजारून रोज दुकानात जात आणि येत. पोरगं रडून रडून लाल झालं तरी त्यांनी त्या पाळण्याला कधी झोका दिला नाही.